दोन डिस्कमधला फरक

दुकानदाराने दोन डिस्क काउंटरवर ठेवल्या आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "ताई, घरात माणसं दोन. एवढी जागा कशाला हो लागते तुम्हाला?"

"माणसं दोनच, पण फोटो अख्ख्या खानदानाचे आहेत," ताई म्हणाली.

"मग एका खोक्यातल्या दोन नेऊ नका. एका खेपेच्या डिस्क एकदमच आजारी पडतात. ही एक घ्या, आणि ही दुसऱ्या खेपेतली."

हे ज्ञान ताईला कुणी द्यायची गरज नव्हती. एका मोठ्या ऑफिसातले सर्व्हर ती बावीस वर्षं सांभाळत होती. पण दुकानदार भला माणूस, त्याचा हिरमोड कशाला करा, म्हणून तिने मान डोलावली, डिस्क पर्समध्ये टाकल्या आणि वाटेत आईची औषधं घेऊन घरी आली. इतक्या साध्या कामाने ही गोष्ट सुरू झाली. पुढे कितीदा तरी ती आठवून बघायची, त्या दुकानात काही वेगळं जाणवलं होतं का म्हणून. नव्हतं हो. पंखा फिरत होता, दुकानदाराला दोन शिंका आल्या, बस्स.

घर तिसऱ्या मजल्यावरचं, तीन खोल्यांचं. त्यात ताई आणि तिची आई. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, धाकटा भाऊ नोकरीसाठी लांब, दर रविवारी न चुकता फोन करणारा. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तीस वर्षं कानाला यंत्र लावून नंबर ऐकायचे, ते एकदा स्वतःशी म्हणायचे आणि जोडून द्यायचे. एक आकडा चुकला तर भलत्याच्या घरी भलत्याची बातमी जायची, म्हणून आई कधी चुकली नाही. पण गेल्या दोन वर्षांत त्याच डोक्याला गळती लागली. आधी गॅस बंद करायचं विसरली, मग शेजारणीचं नाव, मग बाबा गेलेत हेच. आकडे तेवढे शाबूत राहिले.

ताईने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "वेळ कुठे मिळाला!" म्हणून हसण्यावारी न्यायची. खरं सांगायचं तर तिची भीती एकच होती, आणि ती तिने कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. आई सगळं विसरो, बापडी. बाबांना विसरो, धाकट्याला विसरो. आपल्याला मात्र विसरू नये. एवढ्या एका मागणीवर ती दिवस काढत होती.

डॉक्टर म्हणाले, जुने फोटो दाखवत जा. रोज, ठरलेल्या वेळी. म्हणून हा सर्व्हर.

सर्व्हर म्हणजे तरी काय, ऑफिसने मोडीत काढलेला एक काळा संगणक. तो तिने माळ्याखालच्या अडगळीच्या खोलीत स्टुलावर ठेवला आणि त्यात दोन डिस्क बसवल्या, एक वर, एक खाली. दोघींचा मिरर केला. म्हणजे वरचीवर जे लिहिलं जाईल ते तसंच्या तसं खालचीवरही, एक मेली तरी दुसरी आहेच. मग त्या एका खऱ्या यंत्रात तिने तीन व्हर्च्युअल यंत्रं उभी केली. एक फोटोंसाठी, एक कागदपत्रांसाठी, एक नुसतं खेळून बघायला. एकाच छपराखाली तीन बिऱ्हाडं, आणि कुणालाच बाकीच्यांचा पत्ता नाही. ताईला ह्याची मोठी गंमत वाटायची.

फोटो स्कॅन करायला दोन महिने गेले. दोन हजार तीनशे शेहेचाळीस. अल्बमांना बुरशी आली होती, पानं उघडली की आईला खोकल्याची उबळ यायची. शेवटी स्कॅन झाल्यावर ताईने ते सगळे टाकून दिले. फोनमधले फोटोही सर्व्हरवर जाऊन फोनवरून आपोआप पुसले जातील अशी सोय करून ठेवली. ऑफिसात नव्या मुलांना ही बाई कानीकपाळी ओरडून सांगायची, की मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, तिसरी प्रत दुसरीकडे ठेवा. आणि घरी? घरी म्हणाली, करू की पुढच्या महिन्यात.

दुपारी चार वाजता चहाचे कप घेऊन दोघी टीव्हीसमोर बसायच्या.

"ही कोण, आई?"

"ही तू. नाकात बोट घातलंय बघ. अजून सवय गेली नाही."

"काहीतरीच तुझं!"

आई खुदकन हसायची, आणि ताईचा तेवढा दिवस सोन्याचा व्हायचा.

दर रविवारी सर्व्हर दोन्ही डिस्क शेजारी धरून ताडून बघायचा. फरक सापडला तर फक्त मोजायचा, दुरुस्ती करायची नाही, असं ताईनेच लावलं होतं. कुठली प्रत खरी हे यंत्राने का ठरवावं, हा तिचा मुद्दा. सात रविवार निरोप आला: फरक शून्य. आठव्या रविवारी आला: फरक एक.

ताई घाबरली वगैरे नाही. डिस्कवर एखादा ठिपका खराब होतो, फोटोवर राखाडी पट्टी उमटते, हे तिच्या रोजच्या पोटापाण्यातलं. तिने यंत्र बंद केलं, दोन्ही डिस्क काढल्या आणि एकेक करून लॅपटॉपला जोडून, फरक कुठल्या फोटोत आहे ते शोधून तो फोटो पाहिला.

जुन्या घराच्या पायऱ्यांवरचा फोटो. शेजाऱ्यांनी काढलेला. वरच्या डिस्कवर चौघं: बाबा, आई, आठ वर्षांची ताई, चार वर्षांचा धाकटा. खालच्या डिस्कवर पाच.

ताई आणि धाकट्याच्या मधे एक मुलगी उभी होती. सहाएक वर्षांची. उन्हामुळे डोळे बारीक केलेले, एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेला. ताईने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. कुठे जोड नाही, कुठे चिकटवल्याची खूण नाही. पायरीवर पाच सावल्या होत्या, पाचही एकाच बाजूला पडलेल्या. धाकट्याने त्या मुलीचं बोट धरलं होतं. वरच्या डिस्कवरच्या फोटोत त्याची तीच मूठ नुसती हवेत वळलेली होती, आणि हे तिच्या आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं.

डिस्क बिघडते तेव्हा असलेलं जातं. नसलेलं येत नाही. बावीस वर्षांत तिने असं पाहिलं नव्हतं.

तिने भावाला फोन लावला. "अगं, मागची कुणाची तरी पोर घुसली असेल," तो म्हणाला.

"मग दुसऱ्या प्रतीत का नाही?"

"ते तूच मला सांगायचंस! सर्व्हरबाई तू की मी?"

तो हसला, तीही हसली. मग तिने दोन्ही डिस्क पुन्हा बसवल्या.

आता मिररचा एक स्वभाव असतो. वाचताना तो कधी वरच्या डिस्कवरून वाचतो, कधी खालच्या, जी मोकळी असेल ती. त्यामुळे त्या मंगळवारी चार वाजता टीव्हीवर पायऱ्यांचा फोटो आला तो खालचीवरचा आला.

आईने कप खाली ठेवला. "अगं बाई! टिटवी!"

"...कोण?"

"कोण काय? सारखी टिवटिव करायची म्हणून तुझ्या बाबांनीच नाव ठेवलं. मोजा बघ. एक मोजा कधी वर राहायचा नाही मेलीचा."

"आई, आम्ही दोघंच ना? मी आणि धाकटा?"

"तुझ्या पाठची ती. दीड वर्षाने लहान. असं काय करतेस वेड्यासारखं?"

आणि आई बोलायला लागली. त्या घराच्या दाराचा रंग, समोरच्या शिंपीणबाईंचं शिवणयंत्र, टिटवीला गोवर आला तेव्हा जागवलेल्या रात्री. वर्षभरात आई सलग चार वाक्यं बोलली नव्हती, ती तासभर बोलत राहिली. ताई चहा गार होईपर्यंत ऐकत होती. आईचे डोळे किती दिवसांनी असे जागे दिसत होते!

कुणाला वाटेल, असेल एखादं मूल, गेलं असेल लहानपणी, घरात लपवलं असेल. ताईलाही तेच वाटलं. तिने मावशीला फोन केला. मावशी म्हणजे ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी. ती म्हणाली, "नाही गं, तुम्ही दोनच. दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. का गं, आईने पुन्हा काही भलतंसलतं सुरू केलं का?"

ताईने रोज ताडून बघायला सुरुवात केली. फरक नऊ. फरक एकसष्ट. फरक तीनशे बारा. प्रत्येक फोटोत तीच मुलगी. वाढदिवसाच्या टोप्यांमध्ये, दात पडलेली, सायकलवर, शाळेच्या बक्षीस समारंभात. हळूहळू मोठी होत चाललेली. एखादा फोटो वरचीवरून आला आणि आईने 'टिटवी कुठे गेली?' म्हणून विचारलं, की ताई सांगायची, वरचीवर ती नाही, खालचीवर आहे.

तेव्हाच ती खालची डिस्क काढून कचऱ्यात का नाही टाकली, असं तुम्ही म्हणाल. म्हणणं सोपं आहे. इकडे आई सुधारत होती. गॅस स्वतः बंद करत होती, गोळ्या मागून घेत होती, एकदा तर तिने डॉक्टरांनाच त्यांच्या चुकीच्या तारखेवरून टोकलं. डॉक्टर म्हणाले, फोटोंचा गुण आलाय, थांबू नका. ताईने स्वतःची समजूत घातली. ती पोरगी कुणाची का असेना, आई हसतेय ना? आणि कुणाला सांगू नये असंही एक मनात होतंच. तिला त्या मुलीचा हेवा वाटत होता. पन्नाशीला आलेली बाई, आणि हेवा कुणाचा, तर घसरलेल्या मोज्याच्या एका पोरीचा! स्वतःचीच तिला लाज वाटायची.

तिसऱ्या आठवड्यात तिला कळलं, की खालच्या डिस्कवरच्या फोटोंमध्ये नुसती एक मुलगी वाढत नव्हती. ताई सरकत होती. आधी मधली ती कडेला गेली. मग कडेला तिचं कोपर उरलं. मग तेही नाही. तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी बाबांनी फाटकात काढलेला एक फोटो होता. त्या फोटोत आता टिटवी उभी होती, ताईचीच तपकिरी पर्स खांद्याला लावून, कॅमेऱ्याकडे बघत. डोळे बारीक केलेले. त्या दिवशी तर ऊनही नव्हतं.

गुरुवारी चहाच्या वेळी आईने तिच्याकडे बघितलं, जरा संकोचली आणि म्हणाली, "साखर किती घेता तुम्ही?"

ताईने उत्तर दिलं. मग ओट्यापाशी जाऊन नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात ढसाढसा रडली. असल्या जागेपणापेक्षा आईचं विसरणं परवडलं. त्या विसरण्यात निदान ती होती तरी.

रविवारी जेवणं झाल्यावर ती अडगळीच्या खोलीत शिरली. वरच्या डिस्कवर अजून सगळं जिथल्या तिथे होतं. काम अगदी साधं, वरची ठेवायची, खालची पुसायची आणि वरचीची नक्कल खालचीवर उतरवायची. पण ह्याच कामात भलेभले आपटतात. दिशा उलटी झाली तर चांगलीच पुसली जाते आणि परतीचा रस्ता नसतो. म्हणून ऑफिसात तिनेच नियम केला होता, एकट्याने करायचं नाही. एकाने डिस्कच्या लेबलावरचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावर तो ताडून बघायचा, मगच हो म्हणायचं. पाहण्यासाठी इतक्यांदा डिस्क काढघाल केल्यावर कुठली तार कुठे गेली ह्याचा तिलाच भरवसा नव्हता. पडदा बाहेरच्या टेबलावर, डिस्क आत. आणि घरात दुसरं माणूस एकच.

"आई, जरा मदत करतेस? एक नंबर वाचून दाखव."

नंबर म्हटल्यावर आई ताठ झाली. चष्मा पुसला, आत येऊन स्टुलापाशी बसली. खोलीत यंत्राची घरघर होती आणि तापलेल्या धुळीचा वास.

"जी ठेवायची ना, तिचा. वरची. शेवटचे चार आकडे." ताई बाहेर टेबलाशी जाऊन बसली.

"ठेवायची तिचा," आईने एकदा स्वतःशी म्हटलं, एक्स्चेंजमध्ये म्हणायची तसं. मग खणखणीत आवाजात, "चार, शून्य, सात, दोन."

"चार, शून्य, सात, दोन?"

"बरोबर."

ताईने पडद्यावर चाळीस-बाहत्तर शोधली. ही ठेव, दुसरी पूस. खात्री आहे का, यंत्राने विचारलं. आकड्यांत आई कधी चुकली नव्हती. ताईने हो म्हटलं.

साडेतीन तास लागले. चार कधीच वाजून गेले होते, सव्वापाच झाले. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. पडद्यावर निरोप उमटला: फरक शून्य. ताईने सुस्कारा सोडला, चहा ठेवला, कप भरले आणि टीव्ही लावला.

पहिलाच फोटो पायऱ्यांचा. चौघं. मोजून चौघं. ताईचा जीव भांड्यात पडला.

मग तिने चेहरे पाहिले. बाबा. आई. धाकटा. आणि त्याचं बोट धरून, एक मोजा घसरलेली ती.

पुढचा फोटो. त्याच्या पुढचा. वाढदिवस, सायकल, फाटक. ताई बटण दाबत गेली, दाबत गेली. दोन हजार तीनशे शेहेचाळीस फोटोंत ती एकाही ठिकाणी नव्हती. ती धावत आत गेली, गुडघ्यांवर बसून टॉर्च मारला. वरच्या डिस्कच्या लेबलावर शेवटी होतं शहाऐंशी-पंधरा. चाळीस-बाहत्तर खालची होती.

"आई! तू खालचीचा नंबर वाचलास!"

"मी बरोबरच वाचला," आई शांतपणे म्हणाली. "ठेवायची तिचा वाचा म्हणालात ना तुम्ही?"

"मी वरची म्हटलं होतं... वरची!"

आईने चष्मा काढला, घडी करून मांडीवर ठेवला. तिच्या डोळ्यांत धुकं नव्हतं. सगळं लख्ख आठवणाऱ्या माणसाचे ते डोळे होते.

"वरचीत टिटवी नव्हती ना हो," ती म्हणाली. "आई आहे मी तिची. मी दुसरं काय करणार होते?"

'मग माझं काय,' हे शब्द ताईच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडले, कारण असं कुणापुढे म्हणायचं, त्या माणसाला आपण कोण हे ठाऊक असावं लागतं. आईने तिचा हात हातात घेतला. आईचा हात नेहमीसारखाच ऊबदार होता.

"तुम्ही फार केलंत आमचं," आई म्हणाली. "परकं माणूस इतकं करत नाही. रडू नका. तुमच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेलच की. निघा आता, अंधार पडायच्या आत पोचा. माझी काळजी नको, टिटवी येईलच इतक्यात."

जिन्यात पावलं वाजली. तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबली.

त्या घराचं दार खाली घासतं. चौकट खचलीय, त्यामुळे मूठ धरून दार जरासं वर उचलल्याशिवाय कुलपात किल्ली फिरतच नाही. हे घरातल्यांखेरीज कुणालाच माहीत नाही. नवखा माणूस आधी किल्ली खडखडवतो, मग धक्का मारतो, मग बेल वाजवतो.

बाहेर बेल वाजली नाही. किल्ली खडखडली नाही. कुणीतरी मूठ धरून दार हलकेच वर उचललं.